कार्बनवरील कर अखेर ग्राहकच भरतो. मग उत्सर्जन कमी कसे होते?

प्रश्न
वीज कंपनीवर कार्बन कर बसवला, तर ती तो बिलात लावून मोकळी होते आणि धूर पूर्वीइतकाच निघत राहतो, असे माझ्या परिचयातले अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. हा कर नेमका कोठे काम करतो, हे कोणी उदाहरणासह सांगेल का?

प्रतिसाद १
बिल वाढते हे खरेच. परंतु त्याआधी, कोणते वीजकेंद्र चालवायचे हे ठरते तेथे कराचा परिणाम होतो. ब्रिटनने २०१३ पासून वीजनिर्मितीच्या इंधनावर, युरोपीय उत्सर्जन परवान्यांच्या (सोडलेल्या प्रत्येक टनामागे कंपनीकडे असावा लागणारा, खरेदी-विक्री होणारा परवाना) खर्चाखेरीज वेगळा कार्बन आकार लावला आणि २०१५ पासून तो कार्बन डायऑक्साइडच्या टनाला सुमारे १८ पौंड झाला. कोळशावर हजार युनिट वीज निर्माण करताना साधारण ०.९ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि गॅसवर सुमारे ०.४ टन, म्हणजे तेवढ्याच विजेमागे कोळशाला १६ पौंड, तर गॅसला ७ पौंड भरावे लागले. जेथे स्वस्त वीज आधी उचलली जाते, तेथे या नऊ पौंडांनी कोळसा रांगेत मागे ढकलला. २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. २०१६ मध्ये तो वाटा १० टक्क्यांच्याही खाली गेला. गॅस स्वस्त झाला आणि पवनऊर्जा वाढली, हेही त्यात आहेच. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तेथील शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले.

प्रतिसाद २
दर मात्र टोचेल इतका हवा. युरोपचा परवाना-बाजार २००५ मध्ये सुरू झाला, पण पहिल्या टप्प्यात गरजेपेक्षा जास्त परवाने, तेही बहुतांशी फुकट, वाटले गेले आणि २००७ मध्ये त्यांचा भाव शून्याजवळ आला. जादा परवाने बाजारातून काढून घेण्याची व्यवस्था २०१९ मध्ये लागू झाली; फेब्रुवारी २०२३ मध्ये भावाने टनाला १०० युरो ओलांडले.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मग आपल्याकडे कोळशावरचा उपकर २०१० मधील टनाला ५० रुपयांवरून २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला, तरी असे का घडले नाही?

प्रतिसाद १
कारण आपल्याकडे रांगेत कोळशाच्या पुढे-मागे बहुधा कोळसाच उभा असतो. उपकर सर्वांनाच लागला, त्यामुळे क्रम फारसा बदलला नाही, आणि दीर्घ मुदतीच्या वीजखरेदी करारांमुळे वाढीव खर्च वितरण कंपनीमार्फत ग्राहकापर्यंत पोहोचला. आपल्या परिचितांचा युक्तिवाद येथे बराचसा लागू पडतो.