मदत हवी आहे: डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश लवकर कसा मुरवावा?

नमस्कार मंडळी,
मी इंदूरचा, रामबागेत राहतो. बाबांसाठी डुकराच्या केसांचे दोन ब्रश मागवलेत: इटलीचा ओमेगा १००४९ आणि पोर्तुगालचा सेमोग १३०५. ओमेगाचा झुबका मोठा, लांब आणि लवचिक. सेमोगचा लहान, गालावर त्याचा जोर नेमका जाणवतो. सध्या तरी मला सेमोगच आवडतोय, पण दोन्ही अजून राठ आहेत आणि बाबांची कातडी आता नाजूक झाली आहे, म्हणून मुरवायचं काम मीच घेतलंय.

हा केस पाणी पितो, म्हणून साबण लावण्याआधी ब्रश कोमट पाण्यात भिजत ठेवतो. वापरून-वाळवून टोकं फाटत जातात आणि मऊपणा येतो, एवढं कळलंय. सेमोगची काही टोकं भिंगाखाली दुभंगलेली दिसतात, ओमेगाची फारशी नाहीत. नवेपणाचा उग्र वास मात्र साबणाने धुऊन बराच गेला.

आता अडचण पाण्याची. नळाला नर्मदेचं पाणी असलं की फेस छान दाट येतो. बोरिंगचं जड पाणी वापरलं की तोच साबण चिकट होऊन बसतो. जड पाण्याने केस राठच राहतात का? रोज तळहातावर नुसता फेस करून ब्रश लवकर मुरतो, की मध्ये एक दिवस पूर्ण वाळू द्यावा? आणि नाजूक कातडीला दोन्हींपैकी कोणता बरा? वापरणाऱ्यांनी जरूर सांगा, बाबांच्या वाढदिवसाला द्यायचाय.