‘कॉन्झर्वेटिव्ह फेमिनिझम’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका लेखाच्या भाषांतरात ‘कॉन्झर्वेटिव्ह फेमिनिझम’ आलंय. मी ‘पुराणमतवादी स्त्रीवाद’ लिहिलं, संपादक ताईंनी त्याखाली लाल रेघ मारली. ‘रूढीवादी’, ‘सनातनी’ हेही मनाला पटत नाहीत.

उत्तर : ताईंनी रेघ मारली ते योग्यच केलं. पुराणमतवादी, रूढीवादी हे दुसऱ्याला नावं ठेवायचे शब्द आहेत, स्वतःला कुणी तसं म्हणवून घेत नाही. ‘सनातनी’ म्हटलं की आपल्या पुण्यात लगेच सुधारकांशी झालेले वाद आठवतात. अमेरिकेतल्या कॅथलिक बाईला तो शब्द कसा लावणार? विलायतेतल्या कॉन्झर्वेटिव्हांना आपण ‘हुजूर पक्ष’ म्हणतो, पण तो शब्द त्या पक्षापुरताच.

मी ‘परंपरानिष्ठ स्त्रीवाद’ लिहीन. घर, धर्म, आईपण राखूनच बाईला मान आणि हक्क हवेत, असं म्हणणाऱ्यांना तो बसतो. १८८२ साली ताराबाई शिंद्यांची, पुरुषांच्या दुटप्पीपणावर सडकून टीका करणारी ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यातच छापली गेली. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ आलं, आणि त्यात शिका, स्वावलंबी व्हा याच्या जोडीनं विनय आणि गृहकृत्यांचाही उपदेश आहे. त्या वर्षीच्या रमाबाईंना ‘पुराणमतवादी’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला होता!

सदाशिव पेठेतली माझी आत्या चैत्रगौरीचं हळदीकुंकू कधी चुकवत नाही. यजमान गेल्यावर शेजारच्या काकूंनी येणं थांबवलं, तर ही स्वतः त्यांच्या दारात गेली, हाताला धरून घेऊन आली, पहिलं कुंकू त्यांना लावलं आणि मगच बाकीच्यांना आंब्याची डाळ दिली. तिला सण सोडायचा नव्हता, पण त्यातला अन्यायही चालवून घ्यायचा नव्हता. ‘परंपरानिष्ठ’ म्हणताना मला ती दिसते.

प्रश्न : पण लेखात अमेरिकी लेखिका क्रिस्टिना हॉफ सॉमर्सही आहेत.

उत्तर : मग तिथे हा शब्द चुकेल. त्यांच्या १९९४ च्या पुस्तकात ‘इक्विटी फेमिनिझम’ आणि ‘जेंडर फेमिनिझम’ असा भेद आहे. त्यांच्या मते दुसरा प्रवाह सगळा समाजच पुरुषसत्तेनं बायकांना दडपतो असं मानतो. त्यांना पटणाऱ्या पहिल्याचा आग्रह कायद्यापुढे समानतेचा आणि समान संधीचा, परंपरा जपण्याचा नाही. त्या पहिल्याला ‘समहक्कवादी स्त्रीवाद’ म्हणा. परंपरा जपणारा आणि समान हक्क मागणारा, या दोन्ही प्रवाहांना एकच शब्द लावलात तर ताई पुन्हा रेघ मारतील, आणि ती रास्त असेल.