घरभेटीला एकटं जाताना : आपापले अनुभव लिहा

घरोघरी जाऊन नर्सिंग करणाऱ्यांनी इथे लिहावं. उपदेश नको, घडलेलं लिहा. सुरुवात मीच करते.

एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग सात-आठ महिने करत होते. घर इतकं ओळखीचं, की तिथं कसली भीती! त्या दिवशी दार त्यांच्या मुलानं उघडलं. मी खाली बसून पट्टी सोडत होते, पाठ दाराकडे. मागं कडी लागल्याचा आवाज आला. मग त्याचे प्रश्न सुरू झाले : जखम भरत का नाही, तुम्ही करता तरी काय, बॅगेत आणखी कुठली औषधं आहेत. आवाज चढत गेला. मी म्हटलं, "गॉज कमी पडतंय, गाडीतून आणते." कात्री, बॅग, सगळं तिथंच टाकून उठले, कडी काढली आणि बाहेर पडले. आजोबांची पट्टी अर्धवट राहिली याचं वाईट वाटलं. तासाभरानं दोघी जाऊन ती पुरी केली. तेव्हापासून मी दाराकडे तोंड करूनच बसते, त्यासाठी रुग्णाची खुर्ची फिरवावी लागली तरी. आणि किल्ली बॅगेत नाही, खिशात.

—

आमचं सांकेतिक वाक्य ठरलं होतं : "माझी निळी फाइल टेबलावर आहे का बघ." म्हणजे मी अडचणीत आहे. खरोखर वेळ आली तेव्हा फोन नव्या मुलीनं उचलला. ती पाच मिनिटं फाइल शोधून म्हणाली, "सिस्टर, हिरवी आहे, चालेल का?" आता हसू येतं. आता प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ते वाक्य सांगतो, आणि मधूनमधून खोटा फोन करून बघतो.

—

कुत्रं. "काही करत नाही हो" असं मालक म्हणाला की मी फाटकाबाहेरच थांबते. बांधा, मग येते. पोटरीवर चार टाके आहेत.

—

सगळे माणसांबद्दल लिहितायत. माझा घात सुईनं केला. इंजेक्शन देऊन सुई बाहेर काढताना आजींनी हात झटकला आणि ती माझ्या बोटात गेली. शार्प्स बॉक्स, म्हणजे वापरलेल्या सुया टाकायचा डबा, गाडीत राहिला होता, ही माझी चूक. साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट धुतलं, दाबून रक्त काढलं नाही, इथवर बरोबर. पण पुढच्या दोन भेटी उरकून मग कळवलं, हा शुद्ध मूर्खपणा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. सोबत कोणी असतं तर तिनं मला हाताला धरून नेलं असतं. एकटं असलं की आपणच आपल्याला "काही नाही गं" म्हणतो.

—

मी पुरुष नर्स. 'अवघड' घरं सरसकट माझ्याकडे येतात. दारू पिऊन अंगावर येणाऱ्यानं मला एकदा भिंतीला दाबलं होतं. कळवलं तर उत्तर आलं, "तू तर धडधाकट आहेस." त्या घराच्या नोंदीत ही गोष्ट कोणी लिहिलीच नाही, पुढच्या आठवड्यात तिथं नवी सहकारी गेली, एकटी. तेव्हापासून नोंद मी स्वतः लिहितो, नुसती शिवीगाळ झाली असली तरी.

—

पहिला अनुभव लिहिणाऱ्या ताईंना विचारायचं होतं. फोनला रेंज नसलेल्या घरी काय करता?

—

आत जाण्याआधी, रेंज असते तिथूनच, सोबतिणीला बाहेर पडायची वेळ सांगून ठेवते. 11:40 पर्यंत माझा फोन आला नाही तर तिनं करायचा. दोनदा लागला नाही तर पत्ता घेऊन कोणीतरी निघायचं. एकदा काम वेळेत आटोपलं, पण फोन करायचं विसरून मी तशीच घरी जाऊन झोपले, फोन सायलेंटवर. त्या घरी चौकशी करून दोघी माझ्या दारात उभ्या! खूप ओरडल्या. मी त्यांना चहा केला.