५५-२५० की ७०-३००?

कॅमेऱ्यासाठी ५५-२५० आणि ७०-३०० मिमी (आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) या दोन झूम लेन्समधली कुठली घ्यावी असं एकाने विचारलंय, तर किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) १८-५५ असेल तर मी म्हणेन ५५-२५० घ्या, कारण किट लेन्स जिथे संपते तिथूनच ही सुरू होते, मध्ये गॅप राहत नाही आणि वजनालाही हलकी, म्हणजे ही बॅगेत पडून न राहता खरंच वापरली जाते :) २५० आणि ३०० मध्ये फोटोत फार फरक दिसत नाही हो.

एक मात्र बघाच, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेलीच घ्या. १.६ क्रॉपवाल्या (लहान सेन्सरच्या, ज्यात लेन्सचा आकडा १.६ पट धरायचा) कॅमेऱ्यावर २५० म्हणजे ४०० झालं, त्यामुळे स्टॅबिलायझेशन नसेल तर हातात धरून शटर स्पीड १/४०० सेकंदापेक्षा हळू नेला की फोटो हललाच समजा. अर्थात स्टॅबिलायझेशनने फक्त आपला हात सावरतो, पळणारं पोर किंवा उडणारा पक्षी थांबत नाही, तिथे शटर स्पीड वाढवायलाच लागतो आणि पूर्ण झूमला अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) ५.६ च्या आसपास अडकतं, त्याहून मोठं उघडत नाही, म्हणून संध्याकाळी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) चढवावा लागतो. मी सुरुवातीला आयएसओ १०० सोडायचोच नाही, मग शटर हळू आणि सगळे पक्षी धूसर!

१८-२०० अशी एकच लेन्स पण आहे, लेन्स बदलायचा कंटाळा असेल तर ठीक, पण शार्पनेसमध्ये तडजोड आलीच.