वाट बघायला लावणारी गाडी: तुमच्याकडे कुठली होती?

वॉर्सावाली
काल इथे वॉर्सात आमच्या बिल्डिंगखाली जुनी पोल्स्की फियाट १२५पी उभी होती. चौकोनी अंग, चार गोल दिवे. मालक आजोबा म्हणाले, बसून बघा. बसले तर गियरचा दांडा स्टेअरिंगला! थेट बाबांची पद्मिनी. घसा दाटला हो.
इथल्याच झेरान कारखान्यात १९६७ ते १९९१ या गाड्या बनल्या, १४ लाखांच्या वर. अंग इटलीच्या फियाट १२५चं, इंजिन मात्र जुन्या फियाट १३००/१५००चं. आजोबा हसत म्हणाले, नंबर लागेपर्यंत केस पांढरे व्हायचे, बाजारात जुनी गाडी नवीपेक्षा महाग! लिहा तुम्हीपण.

चेतकप्रेमी
आजोबांनी स्कूटर बुक केली तेव्हा काका शाळेत. आली तेव्हा काकांचं लग्न ठरलेलं. चालवली कुणी, सांगायला नको.

गॅरेजकाका
दांडा सुरुवातीच्या गाड्यांनाच वर होता, नंतर खाली आला. १९८३ नंतर फियाटचं नावही गेलं, नुसती एफएसओ, म्हणजे कारखान्याचं नाव. वेगाचा काटा गोल नाही, आडवी पट्टी असते. बघितली का?

वॉर्सावाली
बघितली! मला आधी रेडिओच वाटला.

मी_व्रोत्सवाफकर
१९७३ला आमच्या गावाजवळच्या हायवेवर हिने ५०,००० किमीचा विक्रम केला, सरासरी ताशी १३८! मी त्याच रस्त्यावर रोज तीसने सरकतो 😭

चिऊ
मला वाटलं मालुखचा धागा आहे 😀 म्हणजे छोटी फियाट, १२६पी. घरमालकीणबाई चौघं जण, तंबू, टपावर बोचकी घेऊन बल्गेरियाला गेलेल्या त्यातून. स्टार्टरची वायर तुटली की मागे जाऊन झाडूच्या दांड्याने चालू करायची म्हणे. कुकर झाला, आलेच

गॅरेजकाका
झाडू गाडीतच ठेवायचे लोक. इंजिन मागे ना.

कोल्हापुरी_तांबडा
गाडीशी संबंध नाही, पण पोलंड म्हटलं की आम्हाला कोल्हापूरजवळचं वळिवडेच. १९४३ ते ४८ तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. आजीला त्या बायकांचे फुलाफुलांचे फ्रॉक शेवटपर्यंत आठवायचे.

चेतकप्रेमी
@तांबडा वेगळा धागा काढा की राव!

नवीन_आलोय
वॉर्सात कढीपत्ता कुठे मिळेल?

चिऊ
व्यनि (खाजगी निरोप) बघ. ताजा गुरुवारी येतो, उशीर केलास तर तिथेही नंबर लावावा लागेल.