रोजच्या वापराच्या परफॉर्मन्स गाडीला ट्रॅकचे ब्रेक पॅड कायमचे टाकावेत का? माझं ठाम मत: नाही

तिसरा_गिअर
पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड संपत आलेत म्हणून दोन आठवडे वाचतोय, विचारतोय, आणि जो तो एकच सांगतोय की गाडीत ताकद आहे ना मग सरळ रेसिंगचे पॅड टाक आणि विसरून जा. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून मुद्दाम इथे मांडतोय, ज्यांना पटत नसेल त्यांनी खोडून काढा.

माझी गाडी साधारण १५०० किलोची, टर्बो पेट्रोल, पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (पिस्टनने पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग). वर्षातून तीन-चार वेळा ट्रॅकवर, बाकी रोज कामाला जाणं आणि मुलीला सोडणं. मागच्या वर्षी ट्रॅकवरून आलो तेव्हा दमलो होतो, पॅड काढायचे राहिले, दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस, डिस्क गार आणि ओली, पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी आपली पुढेच चाललीये. पाय पूर्ण रोवला तेव्हा कुठे धरली. पुढच्या गाडीच्या मागे हातभर अंतर उरलं होतं. मुलगी मागे बसली होती, तिला काही कळलंही नाही, पण माझे हात ऑफिसला पोचेपर्यंत थरथरत होते.

त्या दिवसापासून माझं मत असं झालंय की पॅड निवडताना आपण किती जोरात चालवतो हे नंतर बघायचं, आधी बघायचं की आपला सगळ्यात थंड ब्रेक कसा लागणार. खरे रेसचे कंपाउंड, म्हणजे पॅडचं घासणारं मिश्रण, शंभर-दोनशे डिग्री अंगात आल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि रोजच्या रस्त्यावर डिस्क तेवढी तापतच नाही.

लेट_ब्रेकर
तुमच्यावर जे बेतलं ते ऐकून खरंच पोटात गोळा आला, पण दादा, निष्कर्ष तुम्ही उलटा काढलाय असं मला वाटतं.

थंड पॅड धरत नाही हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं ना? मग गल्लीतून निघतानाच दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून डिस्क कोमट करायची, अंतर ठेवून चालवायची, झालं. पण गाडीसोबत आलेले कंपनीचे पॅड जेव्हा तापून हात वर करतात तेव्हा ते फारशी पूर्वसूचना देत नाहीत. १५०० किलोची गाडी १०० च्या स्पीडवरून थांबवायची तर ब्रेकना जवळपास ५८० किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते, २०० वरून थांबवायची तर दुप्पट नाही, चौपट, म्हणजे २३०० च्या आसपास. ही सगळी उष्णता दोन-चार डिस्कमध्ये जाते, आणि पुढच्या वळणाला परत, आणि त्याच्या पुढच्याला परत.

माझं सांगतो. कंपनीचे पॅड, तिसरी लॅप, सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक मारला. मागच्या वळणाला जळका वास आला होता पण मी लक्ष दिलं नाही. पेडल छान कडक, पण गाडी थांबायला तयार नाही, जणू पॅडला तेल लावलंय. बाहेरच्या खडीत जाऊन थांबलो. संध्याकाळी पॅड काढले तर तोंडावर काचेसारखी चकाकी, कडा पांढऱ्या पडून भुरभुरीत झालेल्या, नखाने खरवडलं तरी पावडर निघत होती. तेव्हापासून मी वाईटात वाईट वेळ धरूनच पॅड घेतो.

आणि सगळे ट्रॅकचे पॅड तुमच्या त्या पॅडसारखे नसतात. फेरोडो डीएस२५०० सारखं रस्ता आणि ट्रॅक यांच्या मधलं कंपाउंड घ्या, फेरोडो स्वतः २० ते ५०० डिग्रीची रेंज सांगते आणि घर्षणांक (पॅड डिस्कला किती धरतो त्याचा आकडा) सरासरी ०.४२. गार असतानाही धरतं.

तिसरा_गिअर
मधल्या कंपाउंडला माझा विरोध नाहीच, माझा विरोध आहे तो फुल रेसचे पॅड बाराही महिने ठेवायला. आणि "निघताना गरम करून घ्यायचे" हे एकट्याने चालवताना ठीक आहे हो, पण हीच गाडी घरातलं दुसरं कोणी घेऊन गेलं तर? हायवेवर अर्धा तास ब्रेकला पायच लागला नाही आणि अचानक समोर कोणी आडवं आलं तर? तेव्हा डिस्क वाऱ्याने पुन्हा गार झालेली असते, आणि कोमट करायला वेळ कोण देणार.

जुना_पाना
वीस वर्षं गाड्यांखाली काढली आहेत म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही पॅडवर भांडताय पण माझ्याकडे ट्रॅकवरून "ब्रेक गेले" म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कित्येकांचे पॅड ठणठणीत निघाले, रोग म्हशीला आणि औषध पखालीला. आधी हे बघा की पेडल कसं वाटलं. पेडल घट्ट आणि गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेली. पेडल मऊ, स्पंजासारखं, दाबत गेलं की खाली फरशीपर्यंत जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय, त्यात वाफ झाली आणि वाफ दाबली जाते. लेट_ब्रेकर यांचं पहिल्या प्रकारातलं होतं, त्यांनी पॅड बदलले ते बरोबरच केलं.

पण दुसऱ्या प्रकारात पॅड बदलून काही होत नाही, उलट जास्त तापमान सहन करणारे पॅड टाकले की माणूस आणखी जोरात ब्रेक मारतो, डिस्क आणखी तापते आणि ती उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत जाते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा नियम असा आहे की नवं ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळता कामा नये, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १५५ वर येतो. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. नुसता डॉट ५ वेगळा, तो सिलिकॉनचा असतो, तो यात मिसळायचा नाही. दोन वर्षं जुनं ऑइल आणि नवेकोरे महागडे पॅड ही जोडी बघितली की मला राग येतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही. १०० वर असताना कंपनीच्या पॅडवर पूर्ण ब्रेक मारून एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखडतंय ना? मग त्या एका ब्रेकला जगातला कुठलाही पॅड गाडी लवकर थांबवणार नाही, कारण तिथे टायरची पकड संपलीये. महागडा पॅड दहाव्या, पंधराव्या ब्रेकला कामाला येतो.

आकडे_बघा
मग पॅडवर छापलेली घर्षणाच्या दर्जाची दोन अक्षरंच बघून का घेत नाही कोणी? एफएफ पेक्षा जीजी भारी, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं गरमचं. सरळ जीजी घ्या. एवढा काथ्याकूट कशाला.

जुना_पाना
ती अक्षरं खरी आहेत पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. ती चाचणी एक चौरस इंचाच्या तुकड्यावर मशीनवर होते, तुमच्या कॅलिपरमध्ये नाही, आणि "गरम" म्हणजे ३४० डिग्रीच्या आसपास. ट्रॅकवर डिस्क ५०० च्या पुढे जाते, तिथे पॅड काय करेल याबद्दल ती दोन अक्षरं चकार शब्द काढत नाहीत. शिवाय ०.३६ आणि ०.४४ दोन्हीला एफच मिळतो.

आणि जास्त घर्षण म्हणजे जास्त चांगलं हे कुठून आलं? पुढे एकदम चावणारा पॅड आणि मागे कंपनीचा जुनाच ठेवला तर पुढच्या चाकांची पकड लवकर सुटते, मागची आपलं काम पूर्ण करत नाहीत. पुढे-मागे एकाच घराण्यातला पॅड घ्या. युरोपातल्या आर९० नियमात बदली पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावं लागतं, ते उगाच नाही, गाडीचं सगळं ब्रेकचं गणित मूळ पॅडवर बसवलेलं असतं.

दोन_सेट
मला कळत नाही की एकाच पॅडवर सगळं निभावण्याचा हट्ट कशासाठी. रस्त्याचे वेगळे, ट्रॅकचे वेगळे. चार पिस्टनच्या फिक्स कॅलिपरला दोन पिना ठोकून काढा, स्प्रिंग काढा, जुने पॅड वर ओढा, नवे घाला. चाक काढण्यासकट पुढचे दोन्ही बाजूंचे पॅड मी पाऊण तासात बदलतो. तिसरा_गिअर, तुमचा प्रसंग पॅडचा नाहीच, ते काढायला कंटाळा केला त्याचा आहे, आणि हे मी टोचायला म्हणत नाहीये, दमल्यावर आपण सगळेच असं करतो.

मागच्या पॅडला मात्र जपून. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकून मोटर मागे घ्यावी लागते, नुसता पिस्टन जोराने आत ढकलला तर आतली यंत्रणा तुटते.

तिसरा_गिअर
कंटाळा केला हे मान्यच आहे, ती चूक माझीच. पण दोन सेटमध्ये एक गोष्ट राहून जाते, डिस्क तर तीच ना? नवे पॅड टाकल्यावर आपण ८०-९० वरून दहा-बारा वेळा जोरात पण पूर्ण न थांबता ब्रेक मारतो आणि मग गार करतो, ते कशासाठी, तर पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा म्हणून. आता रस्त्याच्या पॅडचा थर बसलाय आणि त्यावर तुम्ही दुसऱ्या जातीचा पॅड आणून तापवला, तर थर कुठे जाड कुठे पातळ होतो आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, थर विस्कटलेला असतो. माझ्या गाडीला हे झालंय, नव्या डिस्क टाकाव्या लागल्या.

दोन_सेट
हा मुद्दा खरा आहे आणि म्हणून मी दोन्ही सेट एकाच कंपनीचे, एकमेकांशी जुळणारे घेतो. ट्रॅकवर पहिल्या दोन लॅप अर्ध्या जोराने, थर बदलू द्यायचा. परतताना रस्त्याचे पॅड टाकले की पुन्हा आठ-दहा ब्रेक. थरथर आली नाही आजवर. ज्याला एवढं करायचं नाही त्याने डिस्कचाही दुसरा जोड ठेवावा.

शांत_घर
धूळ आणि आवाजाबद्दल कोणीच बोलेना म्हणून. सहा महिने रेसचे पॅड रोज चालवले. पार्किंगमध्ये शिरताना अशी किंचाळी की बाळ झोपेतून दचकून उठायचं. आणि काळी धूळ अलॉय चाकांवर बसून पावसाने गंजली, तिचे तपकिरी ठिपके साबणाने जात नाहीत, लोखंड काढायचं केमिकल लागतं. काढून टाकले.

लेट_ब्रेकर
तिसरा_गिअर, एवढ्या चर्चेनंतर मी एक पाऊल मागे येतो. फुल रेसचे पॅड रोजच्यासाठी नकोत, ठीक. पण तुम्हीही मान्य करा की आपण सगळे अंदाजावर बोलतोय, तुमची डिस्क ट्रॅकवर नक्की किती तापते हे तुम्हाला माहीत आहे का? तापमान दाखवणारा रंग मिळतो, डिस्कच्या बाहेरच्या कडेला लावायचा, हिरवा ४३० ला पालटतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. फक्त हिरवा पालटला तर मधलं कंपाउंड तुम्हाला पुरेल, दुसरा सेट लागणारच नाही. लालही पालटला तर मात्र माझं ऐका आणि ट्रॅकसाठी वेगळे घ्या.

तिसरा_गिअर
हे आवडलं. ब्रेक ऑइल या शनिवारी बदलतो, पुढे-मागे मधल्या कंपाउंडचेच पॅड टाकतो आणि पुढच्या ट्रॅक डेला कडेला तिन्ही रंग. थंड ब्रेकवरचं माझं मत तेच आहे, ते बदलणार नाही.

जुना_पाना
रंग लावण्याआधी कड ब्रेक क्लीनरने नीट पुसा, तेलकट राहिली तर पहिल्याच लॅपला सोलून निघेल. आणि चाक काढलंच आहे तर पिस्टनवरचं रबर बोटाने दाबून बघा. कडक होऊन तडकलं असेल तर पॅडच्या आधी ते बदला.