मदत हवी आहे: नर्सिंगची नोकरी सोडून बी.डी. (पाळक होण्यासाठीची धर्मशास्त्राची पदवी) करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

सर्वांना सलाम.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. बी.एस्सी. नर्सिंग करून पुण्यात एका रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. आमची मंडळी, म्हणजे चर्च, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). संडे स्कूल घेते, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) दुसऱ्या गावच्या मंडळीत गेलेले असले की उपासना चालवते, कधीकधी संदेशही देते. पूर्णवेळ पाळकीय सेवेत जावं असं मनात फार दिवसांपासून आहे. प्रार्थना केली, थांबून पाहिलं, पण ओढ कमी होत नाही.

कारण सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. आयसीयूच्या बाहेर बसलेले नातेवाईक विचारतात, सिस्टर, देवानं आमच्याच माणसाला का नेलं? त्यांनी सांगितलं तर मी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र वाचते, प्रार्थना करते. पुढे मला शब्द सापडत नाहीत. संकटं कोसळलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ काही न बोलता बसले, आणि तोंड उघडल्यावर मात्र त्याचं दुःख वाढवून ठेवलं. बायबलातला तो ग्रंथ मी किती वेळा वाचला असेल, पण ते मित्र चुकले नेमके कुठे, हे मला कुणी नीट शिकवलेलं नाही. आमच्या पाळकसाहेबांकडे इतक्या गावांच्या मंडळ्या आहेत की त्यांनाही बसून बोलायला सवड नसते. मला हे मुळापासून शिकायचं आहे, हिब्रू आणि ग्रीकसकट. पंडिता रमाबाईंनी या दोन्ही भाषा शिकून केडगावला अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर हे काम चाललं होतं. त्या वयात, निराधार स्त्रियांसाठीच्या मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळून त्यांनी ते केलं, याचा मला फार आधार वाटतो.

माझी चौकशी इथवर आली आहे. सेरामपूरच्या सिनेटचं (धर्मशास्त्राच्या पदव्या देणारी बंगालमधली संस्था) बी.डी. पदवीधरांना चार वर्षांचं. काही सेमिनरींत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजांत) एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) तीन वर्षांत होतं. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी मला जवळ पडेल. १९५३ साली यवतमाळला सुरू झालेली ही संस्था १९८३ मध्ये पुण्यात आली. बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आणि जबलपूरचं लेनर्ड यांचीही नावं कळली.

अडतंय ते असं. आधी प्रवेश घेऊन मग डायोसीसकडे (बिशपच्या अखत्यारीतला चर्चचा प्रांत) जायचं, की आधी डायोसीस? दोन मंडळींतल्या लोकांनी मला दोन उलट उत्तरं दिली. दुसरं, शिक्षण इंग्रजीत आणि सेवा मराठीत. चार वर्षं इंग्रजीत विचार करून आल्यावर शेतावरून थकून आलेल्या माणसाला माझा संदेश आपला वाटेल का? तिसरं, बाई पाळक म्हणून खेड्यातली मंडळी मला स्वीकारेल का? आणि घरात आई आहे, तिचा खर्च माझ्या पगारावर चालतो. तिचा विरोध नाही, पण तिला काळजी वाटते.

या वाटेनं गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद

सलाम ताई. मी सीएनआयमध्ये पाळक होतो, आता निवृत्त आहे.

आधी डायोसीस. यात दुमत नको. पदवी कॉलेज देतं, दीक्षा (पाळक म्हणून नेमण्याचा विधी) चर्च देतं, आणि बी.डी. झालं म्हणून दीक्षा आपोआप मिळत नाही. तुमच्या पाळकांना आणि पास्टोरेट कमिटीला (मंडळीच्या समितीला) भेटा. त्यांच्या शिफारशीवर डायोसीस मुलाखत घेऊन उमेदवार म्हणून निवडतं आणि शिकायला पाठवतं. परत आल्यावर काही काळ ज्येष्ठ पाळकाच्या हाताखाली काम, मग डीकन (दीक्षेची पहिली पायरी), मग प्रेस्बिटर (पूर्ण पाळक). स्वतःच्या पैशानं शिकून आलेली चांगली मुलं नेमणुकीची वाट पाहत बसलेली मी पाहिली आहेत, म्हणून इतकं ठासून सांगतो. फी कोण भरणार, त्या बदल्यात किती वर्षं सेवा बंधनकारक, सुट्टीत काम कुठे, हे लेखी घ्या. एम.डिव्ह.चा विचार असेल तर ती पदवी आपलं डायोसीस दीक्षेसाठी धरतं का, तेही आधी विचारा. पगाराबद्दल आईशी आत्ताच मोकळेपणानं बोला. पाळकाचं मानधन शहरातल्या नर्सच्या पगारापेक्षा बरंच कमी असतं, आणि बदल्या होतात.

इंग्रजीची धास्ती पहिल्या वर्षी असते. हिब्रूच्या वर्गात सगळेच शून्यापासून सुरू करतात, तिथे तुम्ही कुणाच्या मागे नसाल. फील्डवर्कसाठी मराठी मंडळी मागून घ्या. प्रबंधाचा विषय मराठीतला निवडा, ना. वा. टिळकांच्या गीतांतलं ईशज्ञान हा एकच विषय कित्येक विद्यार्थ्यांना पुरेल. आणि सेरामपूर आपल्याला परकं नाही हेही सांगतो. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण तिथेच १८०५ मध्ये छापलं गेलं, म्हणजे १८१८ मध्ये कॉलेज निघायच्याही आधी.

बायकांना दीक्षा द्यायला सीएनआयमध्ये नियमाची आडकाठी नाही. सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ साली पुष्पा ललिता आंध्रातल्या नंद्यालच्या बिशप झाल्या. गावाचं म्हणाल, तर पहिले काही महिने लोक हातचं राखून वागतील. पण आजाऱ्याच्या घरी रात्री-अपरात्री जाणारा पाळक लोकांना लवकर आपला वाटतो, आणि ते काम तुम्ही आजही करताय.

निर्णय लागेपर्यंत सिनेटचाच बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) घरी राहून करता येतो. तो मुख्यतः सर्वसाधारण विश्वासणाऱ्यांसाठी आहे, बी.डी.ची जागा घेत नाही. पण अभ्यासाची सवय लागेल.

प्रतिसाद

मी मूळचा मिरजेचा, सध्या अमेरिकेत हॉस्पिटल चॅप्लन (रुग्णांना आणि नातेवाइकांना आध्यात्मिक आधार देणारा) आहे. ताई, तुम्ही आयसीयूबद्दल जे लिहिलंत ते वाचून राहवलं नाही. तुमचं पाचारण कदाचित नेमकं इथलंच असेल, तेव्हा मंडळीच्या पाळकपदासोबत याही सेवेचा विचार करा.

या कामाचं वेगळं शिक्षण असतं, त्याला सीपीई (क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन) म्हणतात. अँटन बॉइसन यांनी १९२५ मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याची सुरुवात केली. इथे एक युनिट किमान ४०० तासांचं असतं आणि चॅप्लन म्हणून बोर्डाच्या प्रमाणपत्राला चार युनिटं लागतात. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहायचं आणि गटापुढे वाचायचं. ईयोबाच्या मित्रांचं कुठे बिघडलं, हे मला त्या गटात बसून कळलं. मी रुग्णाच्या दुःखाला उत्तर देण्याची किती घाई करत होतो ते कागदावर दिसायचं. भारतात वेल्लोरच्या सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) चॅप्लनसी विभाग आहे, तिथे सीपीईची चौकशी करा.

एम.डिव्ह.साठी इकडे येण्याचा विचार असेल, तर मी तो सुचवणार नाही. तीन वर्षांचा खर्च मोठा आहे, आणि तुम्हाला जिथे सेवा करायची आहे तिथली माणसं इथे भेटणार नाहीत. त्यापेक्षा बी.डी. करा आणि एखाद्या सुट्टीत सीपीईचं एक युनिट करा. एक आणखी. ड्यूटीवर असताना रुग्णानं किंवा घरच्यांनी स्वतः मागितल्याशिवाय प्रार्थना करू नका. तुम्ही तसंच करता हे तुमच्या लिहिण्यातून दिसलं, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. मानधनाच्या ओळीवर ती थांबली, मग म्हणाली, पाळकसाहेबांना जेवायला बोलाव, त्यांच्यासमोरच हिशेब मांडू. या रविवारी उपासनेनंतर त्यांना विचारते. दादा, सीपीईचं मला काहीच माहीत नव्हतं. वेल्लोरला पत्र लिहिते.

आता एकच विचारायचं राहिलं. डायोसीसचा निर्णय यायला वेळ लागेल, तोवर बी.सी.एस.ला नाव घालायचं ठरवते आहे. मला दर महिन्याला नाइट ड्यूट्या असतात. शिफ्टची नोकरी करत हा अभ्यास कुणी केला आहे का? परीक्षा केंद्र पुण्यात मिळतं का, आणि उत्तरं मराठीत लिहायला परवानगी असते का? माहीत असेल त्यांनी इथेच लिहावं, म्हणजे माझ्यासारख्या इतरांनाही उपयोग होईल.